मोठीला बोर्डिंग, धाकटीला घर

माझ्या धाकट्या बहिणीवर मी आयुष्यभर जळले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी फार समंजस बाई आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. नाकडोळे माझेच, रंगही तोच. फरक एवढाच, की मी बोर्डिंगात वाढले आणि ती घरात.

आमचा पाडा नवापूरच्या पलीकडच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून. घर कुडाचं, वर कौलं. एका टोकाला बैल, दुसऱ्या टोकाला चूल, मध्ये आम्ही. मध्ये भिंत नव्हतीच. बैल कुठे संपतात आणि माणसं कुठे सुरू होतात हे बाहेरच्याला कळायचं नाही, आम्हाला बरोबर कळायचं. घरात आई, बाबा आणि आम्ही दोघी. भाऊ झाला नाही. बाबांना त्याचं दुःख होतं, पण ते त्यांनी आमच्यावर कधी काढलं नाही.

मी बोर्डिंगात गेले ती मामामुळे. मामा ख्रिस्ती झालेला होता. आपल्या मुलीला नवापुरात मिशनच्या शाळेत घालायला निघाला, तेव्हा बाबांना म्हणाला, "दोघी असल्या तर एकमेकींना सोबत होईल, तुझी मोठी दे." बाबांनी देव बदलला नाही, पण मुलगी दिली. मामाची मुलगी पहिल्याच पावसाळ्यात रडून रडून घरी परत गेली. मी राहिले. मला रडायचं असतं हे सुचलंच नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

बोर्डिंगातलं राहणं आता कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. लांबच लांब खोली, शेणानं सारवलेली, आणि आम्ही मुली ओळीनं चटईवर. ताटाच्या कडेला खिळ्यानं कोरलेला नंबर. दळायची पाळी, झाडायची पाळी, पाणी आणायची पाळी. कुणाला ताप आला तर तिच्या उशाशी बसायचीही पाळी. मला एकदा हिवताप झाला, तेव्हा कपाळावर ओली पट्टी ठेवणाऱ्या मुलीनं घंटा होताच पट्टी तशीच दुसरीच्या हातात दिली आणि ती जेवायला गेली. वाईट मुलगी नव्हती. तिची पाळी संपली होती. झोपायच्या जागाही दर महिन्याला बदलायच्या, कारण मोठ्या बाईंचं म्हणणं असं, की एकाच जागी झोपलं की मुली दोघी-दोघींचे गट करतात. मोठ्या बाई म्हणजे बोर्डिंगच्या मुख्य बाई. त्यांच्या हातून कुणावर अन्याय झालेला मी पाहिला नाही. डाळीचं ओगराळं सगळ्यांच्या ताटात सारखं पडायचं, अगदी काठोकाठ सारखं. न्याय कसा असतो हे मी तिथं शिकले. माया म्हणजे एकीला जास्त देणं, हे मात्र तिथं शिकायला मिळालं नाही.

आम्हा मुलींची मोठी काळजी एकच. बाजाराच्या दिवशी कुणाचं माणूस येणार? त्या दिवशी सगळ्याजणी कुंपणापाशी उभ्या राहून रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या. मोहाची फुलं, विड्यांसाठी टेंभराची पानं, कोंबड्या विकायला आलेली गावाकडची माणसं जाता जाता कुंपणावरून पुरचुंडी द्यायची. ज्या मुलीचं कुणी आलं नाही ती बाकीच्यांच्या पुरचुंड्यांकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करायची, की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. माझे बाबा यायचे. चिंचा आणायचे, भुईमूग आणायचे. माझ्याकडे बघून हसायचे आणि काय बोलावं हे न सुचून बैलांबद्दल सांगायचे.

मी शाळेत उशिराच गेलेली. तिसरीत असताना एका बाजाराला बाबांऐवजी एक मुलगा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. उंच, काटकुळा, डोक्याला फडकं. म्हणाला, "तुझ्या बापानं दिलंय." पुरचुंडी दिली आणि गेला. शेजारच्या मुलीनं विचारलं, "कोण गं?" मला माहीत नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं सांगितलं. बाबांनी खंदाड्या आणला होता. आमच्या लोकांत ही रीत आहे. ज्या घरात मुलगा नाही, किंवा ज्या मुलाकडे मुलीच्या बापाला देज द्यायला काही नाही, तिथं मुलगा मुलीच्या घरी येऊन राहतो. काही वर्षं त्या घरची शेती करतो, गुरं राखतो, आणि मग त्या मुलीशी त्याचं लग्न लागून तो घरजावई होतो. घर, शेत, बैल, सगळं मग त्या दोघांचं. हा मुलगा सोनगडकडचा. त्याचे आईबाप नव्हते. चुलत्याच्या घरी दिवस काढत होता.

"कुणासाठी आणलाय?" मी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी. तू मोठी."

मी मान खाली घातली. लाजले असं आईला वाटलं. खरं सांगायचं तर मला तो मुलगा हवा होता की नाही याचा मी विचारच केला नाही. मला एवढंच कळलं, की हे घर माझं होणार. बोर्डिंग कितीही वर्षं चाललं तरी शेवटी मी इथं येणार, या चुलीपाशी. मुलगा घरासकट येत होता. मग मुलगाही चालेल, असं मी मनात म्हटलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीनं आणखी काय म्हणायचं?

बाबांचा हिशेब सरळ होता. मोठी शिकून येईल, तोवर जावई घरात रुळेल. आमच्या पाड्यात दुसऱ्या कुणी असा हिशेब केला नव्हता, कारण दुसऱ्या कुणाची मुलगी बोर्डिंगात नव्हती. खंदाड्या ज्या मुलीसाठी येतो, त्याला भाकर तिनंच वाढायची, शेतावर न्यायचीही तिनंच, हा आमच्याकडचा नेम. लग्नाआधी दोघांमध्ये तेवढंच नातं. पण मी तर नवापुरात. मग त्याला वाढणार कोण? बाबा म्हणाले, धाकटी वाढेल, मोठी येईपर्यंत. धाकटी तेव्हा एवढीशी. तिच्या डोक्यावरची टोपली तिच्यापेक्षा मोठी दिसायची.

सुट्टीत तरी मी वाढायला हवं होतं. मी टोपलीला हात लावला की आई म्हणायची, "राहू दे गं, चार दिवस आलीस. बस जरा." आणि मला बसवून आई माझ्या केसांना तेल लावायची. बोर्डिंगात मला कुणी बसवत नव्हतं, म्हणून मी बसायची. तेवढ्या वेळात धाकटी टोपली घेऊन उतार उतरून गेलेलीही असायची. आईच्या त्या मायेनं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणा वैऱ्यानं केलं नसतं.

तो बाजाराला यायचा, पुरचुंडी द्यायचा. हळूहळू बोलायलाही लागला. पण बोलायचा काय? "धाकटीनं ओढ्यात खेकडे धरले." "धाकटीला काटा लागला, पाय सुजला." "धाकटी म्हणते तांबडा बैल तिचंच ऐकतो." माझ्या घरची बातमी म्हणून मी ऐकायची, आणि प्रत्येक बातमीत ती. घरात आई नव्हती का? बाबा नव्हते का? एकदा मी चिडून विचारलं, "आणि तू काय करतोस?" तो गोंधळला. म्हणाला, "मी काय, तिथंच असतो."

तिथंच असतो. हे दोन शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सातवीपर्यंतच्या कविता पाठ होत्या, मला शिवण येत होतं, मी ओळीत सरळ उभी राहू शकत होते. पण तिथंच असणं मला येत नव्हतं.

सातवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोठ्या बाईंनी विचारलं होतं, की शिक्षिका होण्यासाठी पुढं शिकतेस का? मी नाही म्हणाले. मी घरी जाणार होते. निघायच्या दिवशी बाजार होता. आता आपण लग्नाच्या, म्हणून बांगड्या भरायला कासाराकडे बसले. तो आमच्या भागातल्या सगळ्या बायकांना ओळखायचा. माझा हात दाबत म्हणाला, "तू त्या पाडानी ना व? मांगना बाजारले तुन्ही धाकली बहीण उनी व्हती. तिन्हा नवराबी संगे व्हता. भला माणूस शे."

मी म्हटलं, "तिचं लग्न झालेलं नाही."

"नही का?" कासार हसला. "माले वाटनं व्हयी गयं."

बांगडी माझ्या हाडावर अडकली. मी हात काढून घेतला आणि तशीच उठले. कासार मागून हाका मारत राहिला.

घरी पोचले ती निश्चय करूनच. दुसऱ्या दिवशी आईनं भाकरी भाजल्या, तशी मी टोपली उचलली. आई "राहू दे" म्हणायला लागली. मी म्हटलं, "माझ्यासाठी आणलाय ना? मग मीच नेणार." धाकटी चुलीपाशी होती. तिनं फक्त एक कांदा टोपलीत टाकला. तो कांदा बघूनच मला राग आला, कारण तो मला सुचला नव्हता.

शेतात तो बांध घालत होता. मला बघून कुदळ टेकवून उभा राहिला. माझ्या मागं वाटेकडे बघितलं. मग म्हणाला, "धाकटीला बरं नाही का?"

मी म्हटलं, "बरी आहे. जेव."

तो हात धुऊन बसला. मी त्याला वाढलं. बोर्डिंगात वाढतात तसं वाढलं. नागलीच्या दोन भाकरी, अंबाडीची भाजी नीट मापानं, उरलेलं झाकून ठेवलं. त्यानं खाल्लं, आणि तसाच बसून राहिला. मागितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या डोक्यात हे आलंच नाही, की मागायच्या आधी द्यायचं असतं. बोर्डिंगात मागायचं नसतं आणि विचारायचंही नसतं, ओगराळं फिरून येईल तेव्हा येईल. तो पाणी प्यायला आणि परत बांधावर गेला.

मी टोपली परत आणली, तर धाकटीनं फडकं उघडून बघितलं. आत भाकरी होत्या. ती माझ्यावर ओरडली नाही. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं एकदम हळू विचारलं, "उपाशी ठेवलंस त्याला?" आणि भाकरी पदरात घेऊन उन्हात पळत गेली. अनवाणी. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते. माझ्या पायात बोर्डिंगच्या वहाणा होत्या आणि मला हेवा वाटत होता तिच्या भाजणाऱ्या तळव्यांचा.

त्यानंतर घरात कुणीच नीट बोलेना. शेवटी बाबांनी पाड्यातली चार जाणती माणसं बोलावली. अंगणात, मोहाच्या झाडाखाली घोंगडी टाकली. सकाळची वेळ होती. त्यात एक पार म्हातारा होता, आमच्या आजाच्या वयाचा. त्यानं आधी त्या मुलाला काही विचारलं नाही, मलाही नाही, धाकटीलाही नाही. आईला विचारलं.

"याला भाकर कोण वाढतं?"

आई म्हणाली, "धाकटी."

"ताप आला होता तेव्हा पाणी कुणी पाजलं?"

"धाकटीनं."

"मोठीनं कधी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडात 'राहू दे' हेच आलं असणार, पण त्या वेळी ते उपयोगाचं नव्हतं. ती रडायला लागली. म्हातारा म्हणाला, "मग विचारायचं काय उरलं? ज्या हातचं खाल्लं त्या हाताचा तो."

मी उठून उभी राहिले. मोठ्या माणसांत मुलीनं उभं राहायचं नसतं, पण मला शाळेत उभं राहूनच उत्तर द्यायला शिकवलं होतं. मी म्हटलं, "मी नव्हते म्हणून तिनं वाढलं. मला पाठवलं म्हणून मी नव्हते. तो माझ्यासाठी आणला होता. हे घर माझं होतं."

कुणी रागावलं नाही. म्हातारा मान हलवत राहिला. मग बाबा बोलले. ते फार बोलत नसत. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की ते माझी समजूत घालताहेत.

"पोरी, तुला कमी कुठे दिलं? मला दोन पोरी. मोठीला बोर्डिंग दिलं, धाकटीला घर. तुझा वाटा मोठा आहे. तुझ्या घराला पक्क्या भिंती आहेत."

इतकी वर्षं मी ज्याला घराबाहेर राहणं समजत होते, ते बाबा माझं घर समजत होते. मी सुट्टीला घरी येते असं मला वाटायचं. त्यांना वाटायचं, मी भेटायला येते. त्यांनी मला फसवलं नव्हतं. माझ्यासाठी खंदाड्या आणला तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं, आणि मधल्या वर्षांत कधी तरी त्यांचं वाटणं बदललं, जसं अंगणातली पायवाट बदलते, कुणी न ठरवता. मला कळवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तो मुलगा सगळा वेळ खाली बघून बसला होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." पण त्याचे कान लाल झाले होते, आणि धाकटी कुडाच्या आडून त्याच्या कानांकडे बघत होती.

लग्नाला मी थांबले नाही. नवापूरला परत गेले, मोठ्या बाईंना सांगितलं की मी शिकते. त्यांनी कारण विचारलं नाही. माझ्या जागी चटई टाकली, ताटाला नवा नंबर दिला. त्या दिवशी मला त्या न विचारण्याचं पहिल्यांदा बरं वाटलं, हेही सांगायला हवं. मी शिक्षिका झाले. त्याच लांब खोलीच्या टोकाला पडदा लावून मला जागा मिळाली. डाळीचं ओगराळं माझ्या हातात आलं. मी सगळ्यांना सारखं वाढते, याबद्दल माझं नाव होतं.

घरी जायची ती वर्षातून एखाद्या वेळी. बहिणीला दोन मुली झाल्या, आमच्यासारख्याच तीन वर्षांच्या अंतरानं. तो, आता आमच्या घरचा जावई, सुखी होता, तब्येतीनं भरला होता. बहीण त्याच्या ताटात न विचारता भाकर टाकायची आणि तो नको म्हणत खायचा. मी समोर बसून जेवायची, आणि त्या भाकरी मोजायची. लोक म्हणतात, बहीणही माझ्यावर जळत असेल, माझ्या पगारावर, माझ्या पांढऱ्या लुगड्यावर. मी खूप निरखून बघितलं. नव्हती जळत. तिला वेळ नव्हता. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

एका उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. मुली शेजारी बसून खडे वेचत होत्या. मोठी तेव्हा शाळेच्या वयाची झाली होती, धाकटी अजून बोबडं बोलायची. बहीण सुपावरून नजर न काढता म्हणाली, "मोठीला तुझ्या बोर्डिंगात घेऊन जाशील का? हुशार आहे. तुझ्यासारखी होईल."

"आणि धाकटी?" मी विचारलं.

"धाकटी राहील घरी. एकीला तरी घराची सवय हवी ना."

ती हे इतकं सहज बोलली, की तिच्या तोंडून बाबाच बोलले असं मला वाटलं. तिनं सूप पाखडलं. फोल उडालं.

मी म्हटलं, "एकीला घेणार नाही. दोघींना दे, नाही तर दोघींना ठेव."

"दोघी गेल्या तर घरात कोण?"

"मग एकीला दे. पण कुणाला द्यायचं आणि कुणाला ठेवायचं, ते आत्ता सांग. या दोघींच्या समोर. मोठी आहे म्हणून नको. हवीशी कोण आहे ते सांग."

सूप थांबलं. बहीण आधी माझ्याकडे बघत राहिली, मग मोठीकडे, मग धाकटीकडे. दोन्ही मुलींनी खडे वेचायचं थांबवून माना वर केल्या होत्या. आमच्या आईला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आईलाही असंच झालं असतं, हे मला तेव्हा कळलं, आणि कळूनही माझा राग गेला नाही.

"नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शाळा उघडली तेव्हा जावई दोघींना गाडीत घालून घेऊन आला. धाकटीसाठी मोठ्या बाईंची वेगळी परवानगी काढावी लागली. मी दोघींच्या चटया शेजारी शेजारी टाकल्या, आणि महिना संपल्यावर जागा बदलायची वेळ आली तेव्हा तेवढ्या दोन बदलल्या नाहीत. जेवताना धाकटीच्या ताटात डाळ थोडी जास्त पडली. समोरच्या मुलीनं ते पाहिलं. मी पडू दिली.

पुढं एका बाजाराला जावई मुलींसाठी पुरचुंडी घेऊन आला, तेव्हा मी त्याला विचारलं, "बहीण कशी आहे?"

"बसलीय दारात," तो म्हणाला. "घर फार मोठं वाटतंय म्हणते."

मला वाईट वाटलं असं इथं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं.